परळची कोठी आणि औषधाचा शोध
हाफकिन संस्थेच्या इतिहासातील एक धागा

१० ऑगस्ट १८९९ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात ‘प्लेग रिसर्च लॅबोरेटरी’चे उद्घाटन झाले. १९०६ मध्ये तिचे नाव ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ झाले आणि १९२५ मध्ये संस्थापकाच्या स्मरणार्थ ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’. २०२४ मध्ये या संस्थेला सव्वाशे वर्षे पूर्ण झाली.

लोकांच्या मनात हाफकिन म्हणजे लस. प्लेगची लस, कुत्रा चावल्यावरची लस, सर्पदंशावरची प्रतिविष लस, पोलिओचे थेंब ही तिची ओळख आणि ती यथार्थही आहे. पण साथीच्या रोगाला दोन बाजूंनी तोंड द्यावे लागते. रोग होऊ नये म्हणून काय करायचे, हा एक प्रश्न; आणि झालाच तर रुग्णाला काय द्यायचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर संस्थेच्या जन्माआधीच मिळाले होते. दुसऱ्याला चाळीस वर्षे लागली. त्या दुसऱ्या उत्तराचा हा मागोवा.

साथ आणि कोठी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीच्या दाट वस्तीत काखेत, जांघेत गाठ येऊन माणसे तापाने फणफणू लागली, दोन-चार दिवसांत दगावू लागली. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे, असे प्रथम ओळखले ते मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. त्या वेळी वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याच्या बाजूला पटकीच्या लशीचे काम करत होते. १८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले, मेचनिकोफ यांच्या हाताखाली शिकलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले हे शास्त्रज्ञ. सरकारने त्यांना ऑक्टोबरात मुंबईला बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई.

या तुटपुंज्या सरंजामात त्यांनी बोकडाच्या मांसापासून रस्सा केला. गोमांस वा डुकराचे मांस वापरले असते, तर लस घ्यायला कोण पुढे आले असते? रश्शावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जिवाणू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. भांडे हलवले की ती वाढ तळाशी बसे आणि वर नवी धरे. असे आठवडे काढल्यावर ते द्रावण तापवून जिवाणू मारायचे, वर थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी दहा घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. तापाने अंग भाजले, पण ते कामावर राहिले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तिथल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली आणि लस घेतलेल्यांत रोग स्पष्टपणे कमी आढळला.

मागणी वाढली तसे बिऱ्हाड हलत राहिले. तरुण आगाखान तिसरे यांनी स्वतः लस टोचून घेतली, आपल्या खोजा समाजाला घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी खुश्रू लॉज उपलब्ध करून दिले. अखेर परळची कोठी मिळाली. मुळात ही पोर्तुगीज काळातील जेझुइट पाद्र्यांची वास्तू. अठराव्या शतकात इंग्रजांनी ती ताब्यात घेतली आणि पुढे तिथे गव्हर्नर राहू लागले. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा इथे पटकीने मृत्यू झाला. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला गेला. ज्या कोठीला पटकीची झळ लागली होती, ती पटकीची पहिली परिणामकारक लस करणाऱ्याच्या हाती आली. मेजवान्यांच्या दालनात काचेची भांडी मांडली गेली. इथून १९२५ पर्यंत प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या.

या प्रवासात एक मोठा आघातही आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ठपका प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला; त्यांना पद सोडावे लागले. दूषण बाटलीत परळला शिरले नव्हते, ते मुलकोवालला बाटली उघडताना शिरले, हे पुढे मान्य झाले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. परळला मात्र ते परतले नाहीत. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

रुग्णाच्या उशाशी

लस निरोग्याला वाचवते. गाठ आलेल्या माणसाला ती निरुपयोगी. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना. एका आजारी मुलाला त्यांनी आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात नेले आणि स्वतःच त्या रोगाला बळी पडल्या. दवाखाना होता, डॉक्टर होते, सेवा होती; औषध नव्हते. पुण्यात त्याच वर्षी प्लेग अधिकारी रँडच्या अंमलाखाली घरांच्या झडत्या झाल्या, माणसे छावण्यांत नेली गेली आणि लोक संतापले. छावणीत नेलेल्या माणसाला देण्यासारखे सरकारजवळ काही नव्हते, हेही त्या संतापामागचे एक कारण मानायला हवे.

प्रयत्न मात्र चालू होते. हाँगकाँगमध्ये १८९४ साली प्लेगचा जिवाणू शोधणारे अलेक्झांडर येर्सँ मार्च १८९७ मध्ये घोड्याच्या रक्तापासून केलेले सीरम घेऊन मुंबईत आले. निकाल निराशाजनक निघाले. त्यांच्यामागून इटलीचे लुस्तिग आले. त्यांचे सीरम आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी वर्षानुवर्षे वापरून पाहिले. कार्बोलिक आम्ल पोटात देण्यापासून हृदयाला उत्तेजन देणाऱ्या औषधांपर्यंत सारे करून झाले. तरीही दहांतले सात-आठ रुग्ण जात. १८९६ पासूनच्या पहिल्या दोन दशकांत भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे मेली.

परळने या काळात रोगाचा मार्ग उलगडला. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने इथेच तळ ठोकला. आवारात मुद्दाम लहान गोदामवजा घरे बांधली. प्लेगच्या उंदरांच्या पिसवा तिथे सोडल्या आणि गिनिपिगचे पिंजरे जमिनीपासून कमी-जास्त उंचीवर टांगले. पिसूची उडी पोचेल तेवढ्या उंचीवरचे प्राणी आजारी पडले, वरचे वाचले. फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत मांडलेल्या आणि पुष्कळांनी धुडकावलेल्या पिसूच्या सिद्धांताला अशी बळकटी मिळाली. ग्लेन लिस्टन हे या कामातले अग्रणी. पुढे ते संस्थेचे संचालक झाले.

१९३१ मध्ये नायडू आणि तत्कालीन संचालक मॅकी यांनी संस्थेत तयार झालेल्या प्लेगविरोधी सीरमचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. आधीच्या सीरमांपेक्षा ते सरस होते. पण सीरमचा स्वभावच अडचणीचा: जनावरांपासून काढायचे, थंड ठेवायचे, शिरेतून द्यायचे. बैलगाडीच्या रस्त्यावरच्या गावात हे कसे जमावे? खिशात मावेल अशी गोळी हवी होती.

सोखी यांचा काळ

१९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. लष्करी वैद्यकीय सेवेतले, करड्या शिस्तीचे, पण कल्पना मोठ्या बाळगणारे. त्यांच्या पत्नी लीला म्हणजे कथक रंगभूमीवर नेणाऱ्या विख्यात नर्तकी मेनका. त्यांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली आणि दमयंती जोशींसारख्या शिष्या घडवल्या. घरातल्या दोघांनीही आपापल्या क्षेत्रात जुने घेऊन नवे उभे केले.

सोखींनी आधी लशीचे गणित पक्के केले. प्रयोगशाळेत वाढवत राहिले की जिवाणूची मारकता उतरते, त्यामुळे एका वर्षीचे निष्कर्ष दुसऱ्या वर्षीच्या निष्कर्षांशी जुळत नाहीत. म्हणून मारकता टिकून राहील असे वाण निवडणे, ते जपणे आणि किती जिवाणूंनी उंदीर मरतो हे मोजून ठेवणे आवश्यक होते. मांसाच्या रश्शाऐवजी दुधातल्या केसीनपासून केलेले पोषकद्रव्य आले. संस्थेचे ‘१९५/पी’ हे वाण तर पुढे अमेरिकेतल्या प्लेगच्या लशीसाठीही वापरले गेले.

ही मोजदाद लशीसाठी बसवली होती. औषधाच्या शोधात तिचाच सर्वाधिक उपयोग झाला. नवे रसायन गुणकारी आहे की नाही हे ठरवायचे, तर औषध न दिलेले उंदीर किती दिवसांत मरतात हे आधी ठाम माहीत असावे लागते. परळला ते माहीत होते. आता हवा होता रसायनशास्त्रज्ञ. सोखींनी तोही आणला. के. गणपती यांच्याकडे रासायनिक औषधांच्या संशोधनाची बाजू आली आणि औषधशास्त्राची बाजू भा. बा. दीक्षित यांच्याकडे. हेच दीक्षित १९५६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

सल्फा

जर्मनीत गेर्हार्ट डोमाक यांनी १९३५ मध्ये प्राँटोसिल या तांबड्या रंगद्रव्याचा जिवाणूंवरचा परिणाम प्रसिद्ध केला. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेने दाखवून दिले, की शरीरात त्या रंगाचे तुकडे होतात आणि काम करतो तो त्यातला रंगहीन तुकडा, सल्फानिलामाइड. हे रसायन १९०८ पासून माहीत होते, म्हणून त्यावर कोणाला हक्क सांगता येईना. जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला त्यावर काम करण्याची मुभा मिळाली. परळने ती संधी घेतली.

सल्फाच्या, म्हणजे सल्फानिलामाइडच्या कुळातल्या औषधांच्या, कामाची रीत पुढे १९४० मध्ये इंग्लंडात उलगडली. पुष्कळ जिवाणूंना फोलिक आम्ल स्वतः बनवावे लागते आणि त्यासाठी पॅरा-अमायनोबेंझोइक आम्ल लागते. सल्फाचा रेणू जवळजवळ तसाच दिसतो. कुलपात बनावट किल्ली अडकून बसावी तसा तो जिवाणूच्या यंत्रणेत अडकतो आणि वाढ थांबते. माणूस फोलिक आम्ल पालेभाज्या-कडधान्यांतून आयते घेतो, म्हणून त्याला या अडथळ्याची बाधा होत नाही.

गणपती आणि सहकाऱ्यांचे काम असे: सल्फानिलामाइडच्या रेणूचे अमायनो टोक जसेच्या तसे ठेवायचे आणि दुसऱ्या टोकाच्या नत्राला वेगवेगळी वलये जोडून पाहायची. असे एकेक संयुग तयार करायचे, शुद्ध करायचे, वितळबिंदू तपासायचा आणि जिवाणूशास्त्र विभागाकडे द्यायचे. तिकडे उंदरांना मारक मात्रेत प्लेग द्यायचा आणि ठरावीक काळाने औषध सुरू करायचे. लगेच औषध दिले तर कमकुवत रसायनही उंदीर वाचवते. खरी कसोटी उशिरा सुरू केलेल्या औषधाची. गावातला रुग्ण डॉक्टरांच्या हाती लागतो तो गाठ आल्यावरच.

या कसोटीत सल्फाथायाझोल पुढे निघाले. सोखी आणि दीक्षित यांनी १९४० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते निष्कर्ष मांडले. १९४१ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये वागळे, सोखी, दीक्षित आणि गणपती अशा चौघांच्या नावाने प्लेगवरील रासायनिक उपचारांचा लेख आला. रुग्ण पाहणारा, संस्था चालवणारा, औषधाचा परिणाम मोजणारा आणि रेणू बांधणारा, अशी चार प्रकारची माणसे एका लेखाखाली आहेत. संस्थेच्या इतिहासातली माझ्या मते ही सर्वांत बोलकी सही.

कागदावरचे औषध रुग्णापर्यंत नेणे वेगळे. उंदीर पडू लागले की दख्खनमधली गावे ओस पडत. लोक शिवारात, माळावर झोपड्या घालून राहत. अशा ठिकाणी रात्रीचाही नेम न चुकवता ठरावीक तासांनी गोळ्या द्यायच्या. सल्फाचे खडे मूत्रपिंडात साचतात, म्हणून रुग्णाला पाणी पाजत राहायचे, जोडीला सोडा द्यायचा. मळमळ होते, अंगावर पुरळ येते, तेवढ्यावरून नातलग औषध बंद करतात. त्यांना समजावायचे. तरीही गाठीच्या प्लेगमध्ये मृत्यूचे प्रमाण पूर्वीच्या कोणत्याही उपचारापेक्षा खाली आले. फुप्फुसात उतरलेल्या प्लेगपुढे मात्र सल्फाही लंगडे पडे. त्यावर खरे उत्तर मिळाले ते स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस.

परळ ते पिंपरी

औषध सापडले म्हणजे ते देशाला मिळाले असे नाही, हे सोखी पुरते ओळखून होते. १९३८ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते. जीवनावश्यक औषधे देशात आणि सार्वजनिक मालकीत तयार व्हावीत, पेटंटच्या मक्तेदारीत अडकू नयेत, हे त्यांचे आग्रहाचे म्हणणे. संस्थेतून निवृत्त झाल्यावर ते जागतिक आरोग्य संघटनेत साहाय्यक महासंचालक झाले आणि पेनिसिलिनचा सरकारी कारखाना व्हावा यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले.

१९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञांचे साह्य दिले आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. गावकुसाबाहेरच्या माळावर उंच टाक्या उभ्या राहिल्या, त्यांत बुरशी वाढू लागली आणि पिंपरीच्या औद्योगिक वसाहतीला सुरुवात झाली.

पिंपरीने नुसते उत्पादन केले नाही. मं. जी. तिरुमलाचार या कवकशास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली तिथे मातीच्या नमुन्यांतून नवी प्रतिजैविके शोधण्याचे काम चालले. १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ या जिवाणूपासून हॅमायसिन मिळाले. कॅन्डिडासारख्या बुरशींच्या संसर्गावर त्याचा उपयोग झाला. कारखान्याच्या आद्याक्षरांवरून औषधाचे नाव पडले आणि गावाच्या नावावरून जिवाणूचे. पाठोपाठ ऑरिओफंजिन आले. ते पिकांवरच्या बुरशीसाठी शेतकऱ्यांकडे गेले. परदेशातून आणलेल्या वाणावर सुरू झालेल्या कारखान्यात दहा वर्षांच्या आत देशी मातीतून नवे औषध निघाले, याचे श्रेय संशोधन आणि उत्पादन एका कुंपणात ठेवण्याला द्यायला हवे.

दुभंग आणि त्यानंतर

परळला नेमके उलटे घडले. १९७५ मध्ये लस व औषध उत्पादनाचा विभाग वेगळा करून ‘हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ’ झाले. मूळ संस्थेकडे प्रशिक्षण, संशोधन आणि चाचणी राहिली. या वाटणीला कारणे होती. उत्पादनाला व्यापारी हिशेब लागतो, नियमांची वेगळी चौकट लागते, आणि सरकारी खात्याच्या चालीने लाखो मात्रांचे उत्पादन होत नाही. पोलिओच्या मोहिमांत आणि प्रतिविषाच्या पुरवठ्यात महामंडळाने त्याचे चीज केले. पण संशोधकाला उत्पादनाची अडचण रोज दिसणे आणि उत्पादकाला संशोधक शेजारच्या खोलीत सापडणे, हे १९४० चे सुख त्यानंतर पूर्वीसारखे उरले नाही. सव्वाशे वर्षांचा ताळेबंद मांडताना ही नोंद टाळता येत नाही.

दरम्यान प्लेग मागे पडला. डीडीटीने पिसवा मारल्या, प्रतिजैविकांनी रुग्ण वाचवले. १९६६ नंतर भारतात जवळजवळ तीन दशके माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात गाठीचा प्लेग आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले आणि माणसे रेल्वेगाड्या भरून शहर सोडून गेली. एका पिढीने रोग पाहिलाच नव्हता. पण या खेपेस डॉक्टरांच्या हातात औषध होते आणि ते लागू पडत होते. पुढच्याच वर्षी मादागास्करमध्ये एका रुग्णाकडून प्लेगचे असे वाण मिळाले, की ज्यावर नेहमीची बहुतेक औषधे निष्प्रभ होती.

पुढची साथ

औषधांना न जुमानणारे जिवाणू आता प्लेगपुरते मर्यादित नाहीत. क्षयाचे, विषमज्वराचे, मूत्रमार्गाच्या संसर्गाचे आणि अतिदक्षता विभागातल्या न्यूमोनियाचे जिवाणू एकेक औषध निकामी करत आहेत. आणि नेमक्या याच काळात मोठ्या कंपन्या या क्षेत्रातून पाय काढून घेत आहेत. क्षयावर काम करणारे ॲस्ट्राझेनेकाचे बंगळूरचे संशोधन केंद्र २०१४ मध्ये बंद झाले. हिशेब सरळ आहे. मधुमेहाची गोळी रुग्ण जन्मभर घेतो, प्रतिजैविक आठवडाभर. त्यातही नवे प्रतिजैविक जितके चांगले, तितके ते राखून वापरायचे. म्हणजे उत्तम औषधाची विक्री सर्वांत कमी.

तरीही वाट बंद नाही. वोक्हार्टने विकसित केलेले नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचे तीन दिवसांचे औषध २०२४ मध्ये जाहीर झाले. त्याच्या मागे केंद्राच्या बायरॅक या संस्थेचे अर्थसाह्य आहे. खासगी प्रयोगशाळा आणि सार्वजनिक पैसा असा हा मेळ आहे. सोखींना तो मान्य झाला असता की नाही, यावर वाद घालता येईल. पण नव्या औषधाचा खर्च केवळ विक्रीतून निघणार नाही, हे त्याने दाखवून दिले.

परळच्या संस्थेकडे आजही त्या १९४१ च्या लेखातले भांडवल आहे. आवाराला लागून केईएम, टाटा आणि वाडिया रुग्णालये आहेत, म्हणजे रुग्ण आणि त्यांचे जिवाणू हाकेच्या अंतरावर. जिवाणू जपण्याची, मोजण्याची आणि तपासण्याची सव्वा शतकाची सवय आहे. मुंबईच्या परिसरात औषधरसायनाचे जाणकार विपुल आहेत. या तिघांना पुन्हा एका कामावर बसवण्यासाठी लागतो तो दीर्घ मुदतीचा, निकालाची घाई न करणारा सरकारी निधी. १८९६ मध्ये साथ आधी आली आणि प्रयोगशाळा नंतर. १९४० मध्ये प्रयोगशाळा उभी होती, उंदीर मोजलेले होते, रसायनशास्त्रज्ञ नेमलेला होता. म्हणून सल्फा हाती येताच अवघ्या काही वर्षांत ते प्लेगच्या रुग्णापर्यंत गेले. औषधसंशोधनावरचा खर्च साथ नसताना करायचा असतो, हा या संस्थेच्या इतिहासाचा निष्कर्ष आहे, आणि राज्याच्या पुढच्या अर्थसंकल्पाला तो लागू पडतो.